भिंतीला चिकटवू नकोस, वाशाला टांग

पत्र:

काकू, सप्रेम नमस्कार.
आमचं घर वेंगुर्ला तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. सासऱ्यांनी बांधलेलं, चिऱ्याचं, चुन्याच्या भिंतींचं. गेल्या दिवाळीपासून दोन खोल्या पर्यटकांना देतो. खोल्या स्वच्छ आहेत, पण उघड्याबोडक्या दिसतात. म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघून कागदाची मोठी फुलं केली, भिंतीवर लावायचे स्टिकर मागवले, रंगीत प्रिंट काढून दुहेरी टेपने चिकटवले. मे महिन्यात सगळं सुंदर दिसत होतं. जून उजाडला आणि स्टिकर चुन्याच्या पोपड्यांसकट खाली आले, फुलं मान टाकून बसली, प्रिंटवर काळे ठिपके पडले. सासूबाई म्हणतात, "कागद हयसर टिकाचो नाय. चार तसबिरी लाव नि गप रव." दीड हजार रुपये गेले. आता दिवाळीच्या आधी पुन्हा प्रयत्न करायचा आहे. हातात तीन हजार आहेत. घराची पाटी आणि जेवणाचं मेनू कार्डही मीच मोबाइलवर बनवतेय, पण छापून आणलं की मनासारखं दिसत नाही. मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला कातरकाम फार आवडतं. काय करू? आणि भिंतीला राहिलेला स्टिकरचा चिकटा कसा काढू?
— एक वाचक, वेंगुर्ला तालुका

उत्तर:

तुझं पत्र वाचून आधी वाटलं ते हे, की तू केलेलं काम चुकलं नाही, ते चुकीच्या जागी लागलं. सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. कोकणात भिंतीला चिकटवलेला कागद टिकत नाही. टांगलेला मात्र टिकतो, आणि आपल्याकडे तो पिढ्यान् पिढ्या टिकत आला आहे.

चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो. जून ते सप्टेंबर तो पाणी पितो आणि मग हळूहळू आतबाहेर सोडतो. चुन्याची भिंत हा ओलावा अडवत नाही, श्वास घ्यावा तसा बाहेर टाकते. म्हणून तर जुनी घरं इतकी वर्षं उभी आहेत. तू तिच्यावर प्लास्टिकचा स्टिकर लावलास तेव्हा त्या श्वासावर हात ठेवल्यासारखं झालं. वाफ मागे साठली, चुना भुसभुशीत झाला, स्टिकर त्याच्यासह सुटला. त्यात खारी हवा. मीठ हवेतलं पाणी स्वतःकडे ओढतं, त्यामुळे किनाऱ्यावरची भिंत तालुक्याच्या आतल्या भागातल्या भिंतीपेक्षा जास्त वेळ ओलसर राहते. आणि हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरतेच. तुझे काळे ठिपके म्हणजे तीच.

आता तुमच्याच घरात वर बघ. चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधता ना? नारळ, सुपारीची शिपटं, कवंडळं, रानातली फुलं, सगळं वरून खाली. आकाशकंदील टांगलेला. दाराचं तोरण टांगलेलं. स्वयंपाकघरातलं शिंकंसुद्धा टांगलेलं. आपल्या माणसांनी शोभेची किंवा जपायची वस्तू भिंतीला चिकटवली असं मला आठवत नाही. चहूबाजूंनी वारा लागला पाहिजे, हे त्यांना ठाऊक होतं. तू तेच कर.

कागदाविषयीही दोन गोष्टी तुझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर शिकायला मिळतात. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, हाताने रंगवतात, ते बघून ये. दशावतारी गंजिफांच्या एका डावात १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा. जुन्या पद्धतीत कापडाचे-कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वर खडूचा लेप देऊन घोटायचे, रंगवायचे आणि लाखेने बंद करायचे. चित्राची बाजू बंद, पाठही बंद. दुसरी गोष्ट कुडाळजवळच्या पिंगुळीत. ठाकर समाजाच्या चित्रकथीच्या पोथ्यांमध्ये दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी एक दाखवतो, मग पान उलटून दुसरं. ही परंपरा जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, हे तुला माहीत असेल. पण त्या पाठीला पाठ लावण्यात एक कारागिरीही आहे. एकाच बाजूला खळ लागली की कागद त्या बाजूला ओढला जातो आणि वळतो. दोन्ही बाजूंनी सारखाच ताण आला की तो सपाट राहतो. तुझी चित्रं आपण अशीच करू.

आधी भिंत. खोल्यांना प्लास्टिक पेंट किंवा डिस्टेंपर लागलेला नसेल, चुनाच असेल, तर ऑक्टोबरच्या उन्हात भिंतींना नवा चुना देऊन घे. चुना आदल्या रात्री पाण्यात भिजव, सकाळी जुन्या धोतरातून गाळून घे, दुधाइतका पातळ कर. भिंत आधी पाण्याने ओली करायची आणि जाड एक हात देण्याऐवजी पातळ दोन हात द्यायचे. चुना भिजताना तापतो आणि डोळ्यात उडाला तर फार वाईट, म्हणून त्या वेळी मुलाला मागच्या पडवीत पाठव. याच चुन्यात थोडा गेरू कालवला की जो रंग येतो, तो फक्त कोनाड्यांच्या आत लाव. पांढऱ्या भिंतीत तांबडा कोनाडा आणि त्यात संध्याकाळी एक पणती: एवढ्यावर अर्धी खोली सजते, असं माझं प्रामाणिक मत आहे. दीड हजाराच्या स्टिकरांनी जे झालं नसतं ते पन्नास-साठ रुपयांच्या गेरूने होतं. भिंतीला आधीच दुसरा रंग असेल तर चुना त्यावर धरत नाही. मग भिंत तशीच राहू दे आणि पुढच्या कामाला लाग.

प्रत्येक खोलीच्या एकाच भिंतीवर, दाराच्या चौकटीच्या वरच्या रेषेत, एक लाकडी पट्टी लावून घे. दोन इंच रुंद पुरे. चिऱ्यात नुसता खिळा ठोकू नकोस, पोपडा सुटेल. ड्रिलने भोक पाडून, प्लग घालून स्क्रू बसवायचा. आणि स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचेच आण. साध्या लोखंडी स्क्रूला खाऱ्या हवेत वर्षभरात गंज येतो आणि भिंतीवर तपकिरी ओघळ उतरतात. पट्टीच्या मागे बोटभर जाडीच्या लाकडाच्या चकत्या दे, म्हणजे टांगलेली वस्तू भिंतीला टेकणार नाही. पट्टीला हूक लावले की झालं. यापुढे जे काही करशील ते या हुकांना आणि वरच्या वाशांना लटकेल. बदलायचं झालं तर भिंतीला हात लावायची गरज नाही.

आता टांगायचं काय?

माझा पहिला आग्रह हा, की व्हिडिओतली फुलं पुन्हा करू नकोस. मोठ्या पाकळ्यांची क्रेप कागदाची फुलं कोरड्या हवेच्या गावांसाठी ठीक आहेत. तुझ्या खोलीत येणारा पाहुणा पुण्याहून, कोल्हापूरहून, बेळगावहून समुद्र बघायला येतो. त्याच्यासमोर तुझ्या गावाचा नकाशा टांग. हाताने काढलेला. घर, विहीर, माडांची बाग, समुद्राकडे जाणारी पाणंद, देऊळ, मासे उतरतात ती जागा, खडकाळ म्हणून पोहायला धोक्याची जागा, सकाळी चहा मिळतो ते दुकान. अंतरं मोजून काढायची गरज नाही, वळणं बरोबर असली की पुरे. मुलाकडून होड्या काढून घे. सहा वर्षांच्या मुलाच्या होडीसारखी होडी मोठ्यांना काढता येत नाही.

हा नकाशा साध्या ए-४ कागदावर काळ्या पेनाने काढ. मग झेरॉक्सच्या दुकानात जाऊन १४१ टक्के मोठा करून दे म्हणून सांग. ए-४ चा बरोबर ए-३ होतो, म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर. रंगीत प्रिंटचा मोह टाळ. त्याचं कारण पैशांपेक्षा मोठं आहे. घरगुती इंकजेट प्रिंटरची बरीचशी शाई पाण्यात विरघळणारी असते. ओला हात लागला, खळ लागली, की पसरते. झेरॉक्स आणि लेझर प्रिंटमध्ये टोनरची भुकटी उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली असते. ती पाण्याने पसरत नाही, आणि काळा टोनर उन्हाने लवकर उडतही नाही. म्हणून काळ्यात छाप आणि रंग हाताने भर, किंवा बदामी, फिक्कट पिवळ्या कागदावर छापून घे. नकाशात एकच रंग भरायचा तर समुद्र भर. बाकी सगळं काळं-बदामी राहू दे.

अशा दोन प्रती काढ. किंवा दुसऱ्या बाजूला दुसरं काही असू दे: माडाच्या झावळीचा ठसा, सासूबाईंच्या ठिपक्यांच्या रांगोळीचं रेखाटन. मधे जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा आणि दोन्ही बाजूंना दोन चित्रं. कागदालाही लाकडासारखी शीर असते, ती आधी बघून घे. त्याच कागदाचा चार बोटं लांबी-रुंदीचा तुकडा एका बाजूने ओला कर. तो ज्या दिशेने नळीसारखा वळेल त्या नळीच्या लांबीची दिशा म्हणजे कागदाची शीर. दोन्ही बाजूंच्या कागदांची शीर एकाच दिशेला ठेव, नाहीतर ते एकमेकांना पिळतील आणि कोपरे उचलले जातील. चिकटवल्यावर दोन फळ्यांमध्ये धरून वर तांदळाचा डबा ठेव आणि पुरे दोन दिवस हात लावू नकोस.

खळ घरीच कर. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळी न होऊ देता मंद आचेवर ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी दिसायला लागली की उतरव. चिंचोके हाताशी असतील तर ते भाजून, साल काढून, रात्रभर भिजवून वाटायचे आणि पाण्यात शिजवून गाळून घ्यायचे. ती खळ मैद्याहून चिवट असते. बुक बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, म्हणजे कसर आणि झुरळं लागत नाहीत. पण मोरचूद विषारी आहे. घरात लहान मूल कातरकाम करत असताना तू ते वापरू नयेस असं मला वाटतं. त्याऐवजी लवंग तेलाचे चार थेंब टाक, दोन दिवसांत खळ संपव, उरलेली फेकून दे. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी केलेला कंदील असाच नुसत्या मैद्याच्या खळीचा होता. माळ्यावर नीट गुंडाळून ठेवला, पण वर वॉर्निशचा हात दिला नव्हता. पुढच्या वर्षी काढला तेव्हा कामट्याच तेवढ्या उरल्या होत्या. सांधे न् सांधे झुरळांनी खाल्ले होते. त्या दिवशी रडले होते मी. तेव्हापासून कागदाच्या वस्तूला दोन्ही बाजूंनी आणि चारी कडांना पारदर्शक वॉर्निशचा पातळ हात दिल्याशिवाय मी ती पूर्ण झाली असं मानत नाही. कडा विसरू नकोस. पाणी कडेनेच आत शिरतं. वॉर्निशने कागद किंचित पिवळसर होतो, बदामी कागदाला तो शोभतो. मात्र हे काम अंगणात, चुलीपासून लांब आणि मूल शाळेत गेल्यावर.

वाळल्यावर वर आणि खाली बांबूची अर्धी चिरलेली काठी बांध आणि सुंभाने टांग. शाळेत भिंतीवर भारताचा नकाशा टांगलेला असायचा ना, तसाच दिसेल. दुसरी बाजू बघावीशी वाटली की उलटायचा, पिंगुळीच्या पोथीसारखा.

दुसरी वस्तू कंदील. दिवाळीचा नव्हे, खोलीतला, बारमाही दिव्यावरचा. खोलीत पांढरा उघडा बल्ब असेल तर भिंतीवर कितीही कष्ट घेतलेस तरी रात्री ती खोली दवाखान्यासारखीच दिसणार. म्हणून तीन हजारांतले पैसे कमी पडले तर बाकी सगळं सोड, पण हे कर. कामट्या बारा लागतील: उभ्या चार, एक फूट लांबीच्या आणि आडव्या आठ, आठ-आठ इंचांच्या. कामट्या नसतील तर माडाच्या झावळीचे हीर तीन-तीन एकत्र दोऱ्याने गुंडाळून घे, ते हलके आणि चिवट असतात. सांधे आधी दोऱ्याने बांध, मग त्यावर फेविकॉलचा थेंब. नुसत्या फेविकॉलवर सांधा सोडलास तर पावसाळी हवेत तो मऊ पडतो.

त्यावर घोटीव कागद न लावता जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा ताणून लाव. खळीत बुडवून, पिळून, ओला असतानाच. वाळताना तो ढोलकीसारखा ताणला जातो. हीच गंजिफावाल्यांची युक्ती, कापड आत आणि कागद वर. आता मुलाची पाळी. चौकोनी कागदाच्या तीन घड्या घालून दे आणि त्याला जाळी कापू दे. किंवा घराभोवतीचेच आकार घ्या: काजूचं बोंड, उंडीचं पान, सुरंगीची कळी, तुळशीवृंदावन. कापलेला आकार पातळ खळीने कापडावर बसवायचा. दिवा लागला की तो सावलीसारखा उठून दिसतो. आतला बल्ब एलईडीचाच हवा, तीन ते पाच वॉटचा, पिवळसर उजेडाचा. जुना तापणारा बल्ब कागद-कापडाच्या कंदिलात कधीही घालू नकोस. वरून आणि खालून कंदील उघडा ठेव, बल्ब कापडापासून चार बोटं दूर असू दे आणि जोडणी गावातल्या वायरमनकडून करून घे.

थर्माकोलकडे वळू नकोस हे सांगायची गरज नसावी. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. आणि सुपारीची विरी, म्हणजे झावळीच्या देठाशी असतं ते रुंद साल, आपल्या परसात पडलेली असताना तो हवाय कशाला? विरी रात्रभर भिजवली की चामड्यासारखी वळते. वळवून, वजनाखाली वाळवून तिचे दिव्यामागचे अर्धगोल किंवा चाव्या ठेवायचे ट्रे होतात.

जेवणात तिसऱ्या (शिंपल्यातली मासळी) केल्यास की त्यांची शिंपलं फेकू नकोस. सोड्याच्या पाण्यात उकळून, घासून, दोन दिवस उन्हात ठेव आणि दोऱ्यात ओवून खिडकीत टांग. स्वयंपाकघरातली शिंपलं पुरतात. किनाऱ्यावर वा बाजारात प्रवाळाचे तुकडे कुणी देऊ केले तर घेऊ नकोस, प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं.

आता पाटी आणि मेनू कार्ड. तू पाठवलेले नमुने मी मोठे करून बघितले. पाटीवर चार प्रकारची अक्षरं आहेत, सावली आहे, सोनेरी कड आहे, मागे सूर्यास्ताचा फोटो आहे. मोबाइलच्या काचेवर मागून उजेड असतो म्हणून ते झळकतं. कागदावर तो उजेड नसतो, शिवाय पडद्यावरचे काही रंग छपाईच्या शाईत मुळात उतरतच नाहीत. छापून आणल्यावर मनासारखं दिसत नाही, त्याचं निम्मं कारण हे. उरलेलं निम्मं कारण, एका पाटीवर फार गोष्टी आहेत.

पाटीवर फक्त घराचं नाव ठेव, आणि खाली लहान अक्षरांत 'राहण्याची व जेवणाची सोय'. पाटी किती दुरून वाचली जाणार ते आधी मोज. पाट्या रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशोब असा, की दर दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर. तुझं बेडं (आवाराचं फाटक) रस्त्यापासून तीस फुटांवर असेल तर अक्षर तीन इंचांचं हवं. मराठीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यांची जागा यात धरायची नाही, वेगळी सोडायची. दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं ते याचमुळे.

अक्षरासाठी 'यात्रा वन' हा मोफत फॉन्ट वापरून बघ. मुंबईच्या रेल्वेवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो घडवला आहे, त्यामुळे पाटीवर तो घरचाच वाटतो. मेनूतल्या बारीक मजकुरासाठी 'मुक्ता' किंवा 'तिरो देवनागरी मराठी'. दोन्ही मोफत आहेत. काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. आपला ल पाकळीचा आणि श देठाचा, तेवढं छापायच्या आधी बघून घे. सोलकढीतला ल रोज पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर असणार आहे.

पाटी फ्लेक्सवर छापू नकोस, रंगव. माळ्यावर फणसाची जुनी फळी नक्की असेल. ती घासून, वॉर्निश देऊन घे. अक्षरं हव्या त्या मापात ए-४ कागदांवर तुकड्या-तुकड्यांनी छापून जोड. कागदाच्या मागे कोळसा किंवा मऊ पेन्सिल घास, फळीवर ठेव, पुढून अक्षरांच्या कडा बॉलपेनने गिरव. फळीवर रेषा उमटतील, त्या पांढऱ्या ऑइल पेंटने भर. हात थरथरला तरी काही बिघडत नाही, रंगवलेल्या अक्षराला हाताचा थोडा कंप शोभतो.

मेनू कार्ड एका ए-४ ला दोन घड्या घालून तीन भागांत बसव. कागद आडवा धरलास की लांबी २९७ मिलिमीटर. तिन्ही भाग ९९ चे केलेस तर आत जाणारी घडी अडते आणि कार्ड फुगतं. म्हणून आतला भाग ९७ चा आणि बाहेरचे दोन १०० चे ठेव. आत काय लिहायचं ते तूच ठरव, पण घावणे, आंबोळ्या, कोंबडी-वडे यांच्यापुढे ते किती वेळ आधी सांगावे लागतील हे जरूर लिही. पाहुण्याला सगळ्यात उपयोगाची माहिती तीच आणि ती कुणी लिहीत नाही. रांगोळीचं जे रेखाटन नकाशामागे लावशील, तेच या कार्डाची किनार म्हणून वापर. पाटी, कार्ड, नकाशा एकाच घरचे दिसतील.

फाइल दुकानात देताना पीडीएफ करून दे. मजकूर तसाच पाठवलास तर तिथल्या संगणकावर फॉन्ट नसतो आणि जोडाक्षरं फुटतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर चित्र आकसून धूसर होतं. आणि पान चित्र म्हणूनच करत असशील तर ए-४ साठी २४८० बाय ३५०८ पिक्सेल घे. त्याहून लहान असेल तर अक्षरांच्या कडा दातेरी येतात. कार्ड लॅमिनेट करून घे, मात्र कापताना चारी बाजूंना तीन-चार मिलिमीटर प्लास्टिकची कड सोडायला सांग. दुकानदार सवयीने कागदाला लागून कापतात आणि मग पहिल्या पावसात कडेतून ओल आत जाते. दोन घड्यांच्या जागी लॅमिनेशन तडकतं. म्हणून तीन भाग वेगळे कापून, वेगळे लॅमिनेट करून, कडेच्या प्लास्टिकला भोकं पाडून सुताने ओव. हे थोडं जास्तीचं काम आहे, पण कार्ड दोन हंगाम जाईल.

पैशांचं म्हणशील तर मी असं वाटप करीन: पट्ट्या, हूक, स्क्रू आणि ते बसवायला साधारण हजार, दोन कंदिलांचे बल्ब, होल्डर, वायर आणि मजुरी सातशे, चुना, गेरू, वॉर्निश आणि एक लहान डबा पांढरा रंग यांना सहाशे, छपाई आणि लॅमिनेशन तीनशे. चारशे उरतील. ते इतक्यात मोडू नकोस. पर्यटकांचे पहिले पैसे आले की त्यात भर घाल आणि पिंगुळीला जाऊन एक लहान अस्सल चित्र घेऊन ये. मोबाइलवरून उतरवून छापलेलं चित्रकथीचं चित्र खोलीत लावू नकोस. ते काढणारी माणसं तुझ्या शेजारच्याच तालुक्यात बसून काढतात.

हे सगळं दिवाळीत टांगशील ते मेअखेर उतरव. मृग लागायच्या आधी, कडक उन्हात एक दिवस वाळवून, जुन्या सुती साडीत गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेव, कोपऱ्यात चार डांबरगोळ्या. नळीसारखं गुंडाळू नकोस, सपाट ठेव. पावसाळ्यात खोल्यांत कंदील आणि तांबडे कोनाडे राहू देत, हुकांना सासूबाईंनी शिवलेली एखादी वाकळ टांग. पाहुणे विचारतील ती कुणी केली म्हणून. तेव्हा सासूबाईंनाच बोलाव आणि त्यांनाच सांगू दे.

राहिला चिकटा. त्याला खोबरेल लावायचा सल्ला तुला कुणीतरी देईल. फरशीवर, काचेवर तो ठीक आहे. चुन्याच्या भिंतीला मात्र तेल लावू नकोस, ते आत मुरतं आणि त्यावर पुढे चुना धरत नाही. ऑक्टोबरचं ऊन आठवडाभर खोलीत येऊ दे, दारं-खिडक्या उघड्या ठेव. चिकटा कोरडा होऊन कडक झाला की उलथन्याच्या कडेने हलकेच खरवड, मऊ ब्रशने झाड आणि त्या जागी आधी चुन्याचा एक पातळ हात दे. तो वाळल्यावर मग सगळी भिंत.

— काकू